विस्तव शेजारी ठेवला

क्लूनबेग, मेयो
१२ मार्च २०१७

ति. नूलाताईस,
मॅलकीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं, सोबतचे लोकरी मोजेही पोचले. मोजे उत्तम आहेत. फक्त तू अमेरिकेला गेलीस त्यानंतर माझे पाय वाढले, एवढं लक्षात असू दे. मी फोन का उचलत नाही असं विचारलंयस. फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकतो. पत्रात निदान माझी पाळी येते.

इकडे गुरं ठीक, मी ठीक. आई गेल्यापासून घर जरा मोठं वाटतं, पण सवय होते आहे.

मुख्य बातमी अशी, की पाळीपाळीने गावातल्या एकेका घरी होणारी स्टेशनची मिस्सा यंदा आपल्या घरी आहे. फादरनी रविवारी चर्चमध्ये नाव वाचलं. जूनच्या सुरुवातीला गावातली सगळी माणसं आपल्या स्वयंपाकघरात मिस्सेला येणार आणि मग न्याहरीला बसणार. मागच्या खेपेस आपली पाळी आली तेव्हा आईने माझ्याकडून गोठासुद्धा रंगवून घेतला होता, आठवतं? आणि एवढं करून ओगाराची म्हातारी मिस्सा चालू असताना कपाटामागे धूळ शोधत होती. त्यामुळे मी आत्तापासूनच रंग काढला आहे.

रंगाचं काढलंच आहे तर आणखी एक काम उरकावं म्हणतो. टीव्ही चुलीच्या वर, धुराड्याच्या भिंतीवर लावायचा. सध्या तो दाराजवळच्या कपाटावर आहे. टीव्ही बघायचा तर चुलीकडे पाठ होते, आणि चुलीशी बसायचं तर मान मुरगळते. दुसऱ्या भिंती बघशील तर एकीला खिडकी, एकीला जिना. रोशीन मागच्या रविवारी म्हणाली, की तुझ्याकडे सामना बघून घरी गेले की दोन दिवस मी मान वाकडी करून कोंबड्यांना दाणे टाकते. रोशीन म्हणजे आपली पलीकडच्या वळणावरची, तुझ्या वर्गातली. नवरा पॅट्रिक वारल्यापासून ती दर रविवारी सामन्याला येते, कारण तिच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसतात. येताना ब्रेड आणते. अर्थात हे काही तिच्यासाठी चाललेलं नाही. तिला तिच्या बहिणीने गॉलवेला बोलावलं आहे, घर विकायला काढलंय, स्टेशनची मिस्सा झाली की ती जाणारच आहे. माझ्याच मानेसाठी म्हणून करतोय.

तुझा जावई दिवसभर लोकांच्या भिंतींवर टीव्ही टांगत फिरतो, त्याला विचार, की खाली रोज विस्तव असताना वर टीव्ही कसा लावायचा. इथे ज्याला विचारावं तो खिळा मार आणि टांग म्हणतो.

उत्तर लवकर पाठव, ओरडा जरा कमी पाठव.

तुझा धाकटा,
मॅलकी

•

वुस्टर, मॅसॅच्युसेट्स
२४ मार्च

चि. मॅलकीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा डेरिक, म्हणजे माझा जावई, हातातला चहा ठेवून उठला आणि कागद-पेन्सिल घेऊन बसला. त्याच्या मते चुलीवर टीव्ही लावण्यासारखा वाईट विचार जगात दुसरा नाही, आणि गिऱ्हाइकं रोज हेच मागतात. तेव्हा नीट वाच.

पहिली गोष्ट, उष्णता वर जाते. चुलीच्या तोंडावर भिंतीतून चांगली पुढे आलेली जाड फळी हवी, म्हणजे वाफ आणि झळ टीव्हीकडे न जाता खोलीत फेकली जाते. लाकडाची असेल तर ती विस्तवाच्या फार जवळ नको, नाहीतर टीव्ही वाचेल आणि फळी पेटेल. दुसरं, स्क्रू धरायला भोकात ठोकतात ते प्लास्टिकचे रावळ प्लग वापरायचे नाहीत. ते गरम भिंतीत मऊ पडतात आणि एक दिवस सामन्याच्या ऐन रंगात टीव्ही खाली येतो. पोलादी फास्टनरच हवे, तेही दगडात, दगडांमधल्या चुन्यात नाही. तिसरं, ड्रिल किती आत जातं याकडे लक्ष. धुराची पोकळी त्याच भिंतीमागे आहे, तिला भोक पडलं तर धूर घरात येईल. चौथं, वायर धुराड्यातून न्यायचा आगाऊपणा करायचा नाही. बाजूने पत्र्याच्या पट्टीतून न्यायची आणि प्लगचं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यायचं. पाचवं, टीव्ही उंच जातो आणि मान आणखी दुखते, म्हणून खाली ओढता येणारं ब्रॅकेट घे. खुर्चीत बसणाऱ्याचे डोळे जमिनीपासून किती उंच येतात ते मोजून कळव, त्यावरून डेरिक जागा सांगेल.

एवढं सांगून झाल्यावर तो सहज म्हणाला, की हे सगळं करताना भिंत पूर्ण गार हवी, सबब चूल आठवडाभर तरी विझवून ठेवा. मी त्याला म्हटलं, की आमच्या घरातली चूल विझवत नाहीत. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. मग त्याला सांगावं लागलं, की आजीने लग्न होऊन आल्यावर माहेरच्या चुलीतले निखारे आणून ती पेटवली, आणि तेव्हापासून ती एकदाही विझलेली नाही. आई रोज निजण्यापूर्वी निखारे राखेखाली पुरायची आणि आपल्याला हळू बोला म्हणायची, जसं काही तिथे मूल निजलंय. आई गेली त्या रात्री तू कॉफिनजवळून उठून निखारे पुरायला गेलास, ते मी पाहिलं होतं. मला तेव्हा बोलता आलं नाही म्हणून आज लिहिते. ती चूल टीव्हीपायी विझली तर मी तुझं तोंड बघणार नाही. काय ते ठरव.

आणि तिथे येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आहे ना? ती कुठे जाणार? तुझ्या पत्रात टीव्ही आहे, मान आहे, आणि रोशीन तर ओळीआड आहे, पण तसबिरीचं नाव नाही.

जेवणाची हयगय करू नकोस. तुझी काळजी करणारी,
नूलाताई

•

क्लूनबेग
८ एप्रिल

ति. नूलाताईस,
सा. न. वि. वि.

तसबीर खिडकीशेजारी लावली, तिच्या लाल दिव्यासकट. तिथून येशूला आता रस्ता दिसतो. आजवर तो एवढी वर्षं आपली जेवणं बघत होता, त्याला बदल बरा वाटत असेल.

डेरिकला माझे आभार सांग. फळीचा प्रश्न सुटला. बाबांनी चुलीत जाळायला दलदलीतून टर्फची ढेकळं कापताना काढलेलं ते काळं ओकचं खोड, ज्याच्यावरून आईशी त्यांचं भांडण झालं होतं, ते अजून गोठ्यात पडून होतं. तासून घेतलं. चांगलं हातभर पुढे येईल. चुलीच्या तोंडापासून ते बरंच वर बसवतो आहे, काळजी नको.

डोळ्यांची मापं सोबतच्या चिठ्ठीवर आहेत. पहिलं माप मोठ्या खुर्चीचं आणि दुसरं छोट्या खुर्चीचं. डेरिकला म्हणावं, दोन्हींपैकी एकच धरता येत असेल तर दुसरं धर.

विस्तवाचं मी बरेच दिवस डोक्यात घोळवत होतो. गोठ्यात डब्यात ठेवावा तर तिथे गवत. अंगणात ठेवावा तर पाऊस. शेवटी रोशीनने तोडगा काढला. रविवारी सामना संपल्यावर ती म्हणाली, की यात एवढं काय आहे, पूर्वी लोक विस्तव शेजारी मागायला जायचे, तू शेजारी ठेवायला ये. पॅट्रिक गेल्यापासून तिने आपली चूल पेटवलेली नाही. एकटीसाठी कोण पेटवतो म्हणते, गॅसच्या हीटरवर भागवते. पण राख तिने कधीच झाडून ठेवली आहे. मी म्हटलं, तुला रोज निखारे पुरावे लागतील, जमेल का? तर म्हणाली, मी तुझ्याआधी चूल सांभाळायला शिकले आहे, मला शहाणपण शिकवू नकोस.

तिच्या फाटकाशी विक्रीची पाटी लागली. पाटी वाकडी लावली आहे त्या लोकांनी. मी जाऊन सरळ केली, मग वाटलं कशाला केली.

तुझा,
मॅलकी

•

वुस्टर
२० एप्रिल

चि. मॅलकीस,
अ. आ.

डेरिकने चिठ्ठी बघितली आणि निरागसपणे विचारलं, की मामा एकटे राहतात ना, मग हे दुसरं माप कोणाचं? चार बोटं बुटकं कोण आहे घरात? मी म्हटलं, खुर्ची छोटी आहे. तो म्हणाला, खुर्ची मोजली असती तर ठीक, पण यांनी डोळे मोजलेत. आता तूच सांग, मी काय उत्तर देऊ. रोशीनला तू खुर्चीत बसवून, भिंतीला टेकवून, हातात टेप घेऊन तिचे डोळे मोजलेस, आणि ती बसून राहिली? शाळेत माझ्याशेजारी बसायची तेव्हा ती पाच मिनिटं जागेवर टिकत नव्हती.

थट्टा पुरे. तू माझा एकुलता एक भाऊ आहेस म्हणून आता सरळ लिहिते. ती गॉलवेला गेली की परत येणार नाही. घर विकलं गेलं की तिला यायला जागाच उरणार नाही. मग तू चुलीवर टीव्ही लाव नाहीतर छताला लाव, छोटी खुर्ची रिकामीच राहणार. आई गेल्यापासून मी इथे बसून तुझ्या एकटेपणाची धास्ती घेते, हे तुला माहीत नाही असं समजू नकोस. तुला जे विचारायचं आहे ते ती जायच्या आधी विचार. नाही म्हणाली तर नाही म्हणेल. तिच्या नाहीने गाईंचं दूध आटणार नाही.

डेरिक म्हणतो, सगळं झाल्यावर चूल पेटवून टीव्हीच्या जागी भिंतीला थर्मामीटर चिकटव आणि एक संध्याकाळ नुसता आकडा बघत बस. भिंतीवर तळहात आरामात ठेवता आला पाहिजे. तोवर टीव्ही लावायचा नाही. ब्रॅकेट पाणसळीत बसव.

मनातलं बोलायला तुला बळ येवो, असं चिंतणारी,
नूलाताई

•

क्लूनबेग
३ मे

ति. नूलाताईस,
सा. न. वि. वि.

काम फत्ते. परवा, म्हणजे एक तारखेला, सुटी होती, ड्रिलवाल्या दुकानदाराने ड्रिल उसना दिला आणि आकाश कोरडं होतं, म्हणून तोच दिवस धरला. सकाळी सगळे निखारे झाकणाच्या लोखंडी बादलीत भरले आणि वळणापर्यंत चालत नेले. बादलीच्या कडीला ओलं पोतं गुंडाळलं होतं तरी हात शेकला. वाटेत ओगाराची म्हातारी दारात उभी होती, तिने क्रूसाची खूण केली आणि मी काय नेतोय ते विचारलं. मी म्हटलं, विस्तव. ती नुसती बघत राहिली. अलीकडे तिला कमी ऐकू येतं.

रोशीनने चुलीशी गवताच्या काड्या आणि टर्फ रचून ठेवला होता. निखारे ओतले आणि तो लगेच धरला. तिने जाळाच्या उजेडात भिंतींवरून नजर फिरवली. मग म्हणाली, या खोलीला रंग कोणता दिलाय ते मी विसरूनच गेले होते.

डेरिकने आठवडा म्हटलं होतं, पण दुपारपर्यंतच आपली भिंत गार झाली. रोशीनने पाणसळ धरली, मी भोकं पाडली. छपरावरून धुराड्यात दोरी सोडून मी पोकळी आधीच मोजून ठेवली होती आणि ड्रिलच्या पात्याला चिकटपट्टी लावून खूण केली होती, त्यापुढे गेलो नाही. बाबांनी दगड असे बसवलेत, की एका भोकाला मला कोट काढावा लागला. ब्रॅकेट पाणसळीत आहे. मला बुडबुडा जरा डावीकडे वाटत होता. ती म्हणाली, डावीकडे तुझी मान आहे. फळीही बसली. इलेक्ट्रिशियन येऊन गेला.

चूल रिकामी बघवत नाही, तेवढंच. सकाळी उठलो की आधी तिकडे जाऊन विस्तव बघून येतो. दुसऱ्याच्या घरी ठेवलेलं जनावर कसं आहे, बघायला नको का? दोन-चार टर्फ घेऊन जातो, तिला भुर्दंड नको.

डेरिकच्या थर्मामीटरसाठी विस्तव परत आणायचा आहे. पण फळीभोवतीचा चुना वाळू दे म्हणतो. घाई नको.

तुझा,
मॅलकी

ता. क. तू मागच्या पत्रात लिहिलंस त्याबद्दल: बघतो.

•

क्लूनबेग
११ मे

प्रिय नूलास,
रोशीनचा सप्रेम नमस्कार.

इतक्या वर्षांनी माझं अक्षर ओळखशील की नाही कोण जाणे. बाईंनी तुझी वही माझ्यासमोर धरून मला अक्षर शिकवलं होतं, त्याचा काही उपयोग झालेला दिसत नाही.

तुमचा विस्तव माझ्याकडे सुखरूप आहे हे कळवायला लिहिते आहे. तुझा भाऊ रोज सकाळी तो तपासायला येतो, हॉस्पिटलातल्या पेशंटला भेटायला यावं तसा. येताना टर्फ आणतो. चुलीपुढे वाकून बघतो, चांगला आहे म्हणतो, मग बसतो. मी चहा करते. तो पावसाचं बोलतो, गुरांचं बोलतो, डेरिकच्या फास्टनरचं तर फार बोलतो. मग टोपी घालतो, दारापर्यंत जातो, परत वळतो, तोंड उघडतो, आणि म्हणतो, की फाटकाचं बिजागर कुरकुरतं, तेल घालून देईन. बिजागरात आता एवढं तेल आहे, की फाटक वाऱ्यानेच उघडतं.

मी विचारलं, चुना वाळला का? म्हणाला, अजून दमट आहे. नूला, तो चुना दुसऱ्याच दिवशी वाळला होता. मी स्वतः बोट लावून पाहिलं.

पण मीही साधी नाही. माझ्या खिडकीतून तुमचं धुराडं दिसतं. चूल गार पडल्यापासून दोन डोमकावळे त्यात काटक्या टाकताहेत. आधी एकच होता, त्याने आता जोडीदारीण आणली. धूर असताना त्यांची बिशाद नव्हती. मी हे मॅलकीला सांगायला हवं, नाहीतर तो उद्या चूल पेटवेल आणि धूर सगळा घरात कोंडेल. पण सांगितलं तर तो लगेच धुराडं साफ करून विस्तव घेऊन जाईल, आणि मग सकाळी इकडे कोण येणार? म्हणून आज-उद्या करत गप्प बसले आहे. हे बरं नाही, ते मला कळतं.

घर बघायला लोक येताहेत. एक जोडपं आलं होतं, त्यांना चूल फार आवडली. बहीण फोनवर विचारते, सामान कधी बांधतेस? मी म्हणते, विस्तव परत केला की. तिला वाटतं मला वेड लागलंय. मला जायचं आहे का, असं अजून कोणी विचारलंच नाही, नाहीतर मी नाही म्हटलं असतं.

तुला हे का लिहिते ते तुला कळेल. शाळेत तूच माझी गणितं सोडवून द्यायचीस.

तुझी जुनी बाकावरची मैत्रीण,
रोशीन

•

वुस्टर
१९ मे

चि. मॅलकीस,
आशीर्वाद आहेतच, पण आधी बोलणी खा.

तू विस्तव घराबाहेर कधी नेलास? एक मेला. एक मे, मॅलकी. सुटी होती, ड्रिल मिळाला, आकाश कोरडं होतं, सगळं तुला दिसलं, आणि तारीख दिसली नाही? मे महिन्याच्या पहिल्या दिवशी घरातून विस्तव बाहेर जाऊ द्यायचा नाही, वर्षाचं भाग्य त्याच्याबरोबर निघून जातं, हे आपल्याला पाळण्यात शिकवलं होतं. त्या दिवशी आई शेजारी दूध द्यायची नाही. पोस्टमनने पाइप शिलगावायला निखारा मागितला तर तिने त्याला हाकलून दिलं, आणि तो तिचा सख्खा मामेभाऊ होता. ओगाराच्या म्हातारीला सगळं नीट ऐकू येतं. ती उगाच क्रूस करत नव्हती. तू आपल्या घराचं भाग्य बादलीत भरलंस, झाकण लावलंस आणि सगळ्या गावादेखत चालत जाऊन शेजारणीच्या चुलीत ओतून आलास.

आता दुसरं. बाहेर जा आणि आपल्या धुराड्याकडे वर बघ. मला कोणी सांगितलं ते विचारू नकोस. डोमकावळ्याने तुझ्या धुराड्यात घर बांधायला घेतलं आहे. अंडी घालायच्या आत, आजच्या आज ब्रश फिरवून काटक्या काढ, पोकळी मोकळी झाल्याशिवाय खाली काडीसुद्धा पेटवू नकोस. कोंडलेल्या धुराने माणसं झोपेत जातात, हे डेरिकने मला तीनदा बजावलं आहे. आणि त्या पक्ष्याकडून काही शीक. गार धुराडं मिळालं, जोडीदारीण आणली, काड्या जमवल्या, संसार मांडला. तू एकसष्ट वर्षांचा आहेस आणि बिजागराला तेल घालतो आहेस.

गेलेलं भाग्य परत कसं आणायचं ते मला माहीत आहे, आईने मला एकदा सांगितलं होतं. असा विस्तव ज्याने नेला त्याने परत आणून चालत नाही. ज्या घरात तो राहिला त्या घरच्या बाईने आपल्या हाताने आणून चुलीत घालायचा, आणि ती उंबऱ्याच्या आत राहिली पाहिजे. ती परत गेली तर भाग्यही तिच्यामागून जातं. आता यात मी काय करणार, रीतच तशी आहे. तिला जाऊन सांग.

मिस्सेला गावातली सगळी माणसं आपल्या स्वयंपाकघरात येतील तेव्हा चुलीत विस्तव दिसला पाहिजे.

तुझी रागावलेली, तरी तुझीच,
नूलाताई

•

क्लूनबेग
२७ मे

ति. नूलाताईस,
सा. न.

तारीख खरंच लक्षात आली नाही. तुझं पत्र पुन्हा वाचलं. मग एकेक आठवायला लागलं, त्या दिवसापासून कोंबड्यांची अंडी कमी झालीत, ट्रॅक्टर सुरू होत नाही, आणि तिचं घर बघायला मोटारी येताहेत.

धुराडं साफ केलं. ब्रश घातला तर काटक्यांचा ढीग खाली आला, त्यात मेंढीची लोकर आणि माझा एक मोजा होता, तू पाठवलेला, दोरीवरून गेला होता तो. अंडी नव्हती. जोडपं समोरच्या झाडावर बसून मला शिव्या देत होतं. मला वाईट वाटलं, तिथेच गोठ्याच्या भिंतीला त्यांना एक खोकं ठोकून दिलं आहे. नंतर खाली कागद जाळून पाहिला, धूर सरळ वर गेला.

आज सकाळी रोशीनकडे गेलो आणि तू लिहिलंस ते सगळं सांगितलं. रीत सांगितली, उंबऱ्याचं सांगितलं. ते माझ्या तोंडून रीत म्हणूनच निघालं, आणि ऐकायला फार कोरडं वाटलं. म्हणून मग म्हटलं, की भाग्याचं राहू दे, अंडी आली नाहीत तरी चालतील, पण तू गॉलवेला गेलीस तर मला सकाळी उठून कुठे जायचं ते कळणार नाही. एवढंच बोललो. टोपी हातातच होती.

ती म्हणाली, की तू आता घरी जा, मला विचार करायचा आहे. विस्तव न्यायला येऊ नकोस. आणायचा असेल तर मी आणीन.

आता मी घरी आहे. फळी पुसली आहे. भिंतीला थर्मामीटर चिकटवला आहे, तो दगडाचा गारवा दाखवतो. चूल रिकामी आहे. रोशीन बादलीत थोडे निखारे घालून ती दारात ठेवून निघून गेली तर तेही समजण्यासारखं आहे, परत करायची वस्तू परत करावीच लागते. हातांना काम नाही म्हणून तुला लिहिलं. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला आज कळलं.

तुझा,
मॅलकी

•

क्लूनबेग
९ जून

ति. नूलावन्संस,
रोशीनचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मायना वाचून जरा थांबा आणि खुर्चीत बसा. लग्न पानगळीत करायचं ठरतंय, बटाटे काढून झाले की. तुम्ही येणारच, तेव्हा मला शाळेतल्यासारखं नूला म्हणू दिलंत तर बरं होईल, एवढ्या मोठ्या वन्संची मला सवय नाही.

त्या दिवशी मी दुपारी बादली घेऊन निघाले. ओगाराची म्हातारी दारात होतीच. तिने विचारलं, परत नेतेस? मी म्हटलं, हो, मीही जातेय. तिने पुन्हा क्रूस केला, पण या वेळी हसून. मॅलकीने दार उघडलं. मला वाटलं आता तरी काही म्हणेल. तर म्हणाला, कडी फार तापली नाही ना? मी आत गेले, विस्तव चुलीत ओतला, आणि छोट्या खुर्चीत बसले. आता उठणार नाही म्हटलं, तेव्हा त्याला समजलं. मग तो बराच वेळ टर्फ रचत बसला, धूर डोळ्यांत गेला म्हणत होता. धूर सगळा सरळ वर जात होता.

डेरिकला सांगा, त्याचा थर्मामीटर आम्ही संध्याकाळभर बघितला. असा कंटाळवाणा कार्यक्रम मी जन्मात पाहिलेला नाही आणि असा आवडलेलाही नाही. खाली चांगला जाळ होता, पण काळ्या फळीने झळ बाहेर फेकली, भिंतीवर हात ठेवला तर नुसती कोमट लागली. दुसऱ्या दिवशी टीव्ही चढवला. खाली ओढला तर पडद्याचा मध्य बरोबर माझ्या डोळ्यांसमोर आला. मॅलकीला त्याच्या मोठ्या खुर्चीतून हनुवटी छातीला टेकवून बघावं लागतं. मी म्हटलं, तू तुझं माप का नाही धरलंस? म्हणाला, एकच धरता येत होतं.

मिस्सा छान झाली. घर भरलं होतं, जिन्यावरही माणसं बसली होती. फादरनी चुलीला आणि सगळ्या घराला आशीर्वाद दिला, मग न्याहरीला बसताना हळूच विचारलं, की टीव्ही इतका खाली येतो तर रविवारचा सामना इथेच बघावा का. ओगाराच्या म्हातारीने कपाटामागे बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं, ते तिला आवडलं नाही.

तिला मी एकटीला गाठून विचारलं, की मेच्या पहिल्या दिवशी गेलेलं भाग्य परत आणायची रीत काय? तिने साऱ्या आयुष्यात असलं काही ऐकलेलं नाही. तुमच्या आईनेही कधी म्हटलं नव्हतं, अशी ती शपथ घ्यायला तयार आहे. मी मॅलकीला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. कोंबड्या पुन्हा अंडी द्यायला लागल्या आहेत, त्याचा विश्वास बसला आहे.

गॉलवेची बहीण रागावली आहे, तिची समजूत पटेल. माझं घर त्याच जोडप्याला दिलं, ज्यांना चूल आवडली होती. दुसऱ्याकडे विस्तव नेताना थोडा आपल्या चुलीत मागे ठेवावा, म्हणजे परतायला जागा राहते, असं माझी आई करायची. त्या दुपारी मीही फावडं हातात घेऊन जरा थांबले होते. मग सगळाच बादलीत भरला. राख गार झाल्यावर जाऊन चूल झाडली, पुसली आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. मागे काही ठेवलेलं नाही.

तुमचा विस्तव राखणारी,
रोशीन